पाच दिवसांची सॅक आणि माझी एक सही

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो, कारण नसला तरी तू कळवणार नाहीसच. इकडे सगळी धडधाकट आहेत. मी तेवढा मानेला पट्टा लावून बसलो आहे. का, ते पुढे येईल. आधी भांडण उरकतो.

वाढदिवसाला भाचीला पेन द्यावं, पुस्तक द्यावं, फार तर घड्याळ. तू आमच्या बुटकीला (पंधरावं लागलं, माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली, पण नाव पडलं ते पडलं) पाठीवरची एवढी मोठी सॅक दिलीस, की तिच्यात मी स्वतः मावेन. सॅक आली म्हणजे मागोमाग डोंगर आलाच. पाच दिवस डोंगरात चालायचं आणि चार रात्री तंबूत काढायच्या, असं तिच्या डोंगर चढणाऱ्या गटाचं ठरलं आहे. तिच्या आईने परवानगीच्या फॉर्मवर ताबडतोब सही ठोकली (भाजी आणायला निघाली होती, उभ्या उभ्या!). दुसरी सही वडिलांची. पुढच्या शुक्रवारपर्यंत ती झाली नाही तर बुटकी घरी. आता मी काही नाही म्हटलेलं नाही. ‘आधी तयारी तर बघू’ एवढंच म्हटलं, आणि गेले बारा दिवस तयारी बघतो आहे.

तुला ठाऊकच आहे, काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात मी बावीस वर्षं काढली. माझ्या हातचं खोकं जिन्यावरून सोडून द्या, आतली नाजूक नळीसुद्धा शाबूत निघेल (एकदा फुटली होती, पण तो ट्रकवाल्याचा दोष). तेव्हा सॅक भरेन तर मीच, असं जाहीर करून रविवारी सकाळी मांडी ठोकली. डबा, टॉर्च, बाटल्या, एकेक वस्तू वेगळी गुंडाळली. मोजेसुद्धा गुंडाळले, हाताला सवयच तशी. फटींत कागदाचे बोळे, कोपऱ्यांना पुठ्ठा, प्रत्येकाला सुतळीची दुहेरी गाठ, आणि बाहेर ‘ही बाजू वर’ अशी बाणासकट चिठ्ठी. बुटकीने सॅक उचलून वजनकाट्यावर ठेवली. सोळा किलो. मग ती एकेक गाठ सोडत बसली. पाऊण तास लागला (हे मी अभिमानाने सांगत नाही, पण सांगतो). शेवटी नुसता कागद-पुठ्ठा काट्यावर ठेवला, तो साडेतीन किलो भरला. डोंगरात पाऊस आला तर रेनकोट सुटेपर्यंत ढगांना पाऊण तास थांबवून धरायला, बाबा, तू येणार आहेस का, असं तिने फार नम्रपणे विचारलं. स्वयंपाकघरातून तिची आई इतकी हसली की दूध उतू गेलं. ते मात्र माझ्या नावावर जमा झालं.

पण एवढ्यावर गप्प बसेन तर तुझा भाऊ कसला. स्लीपिंग बॅगची चेन भरवशाची आहे की नाही, हे कुणीतरी बघायला हवं होतं. बैठकीतलं टेबल भिंतीला सारून तंबू उभा केला होता. आत जाऊन मी चष्म्यासकट बॅगेत शिरलो आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. वर गेली झोकात, खाली काही येईना. अस्तर चेनीत अडकलं होतं. मी जोर लावला, लोळलो, तंबूच्या दांडीवर आपटलो आणि सगळा तंबू अंगावर आला. मग मी ओरडलो. (‘किंचाळलास’ असं घरातले म्हणतात. तू माझ्यावर विश्वास ठेव.) शेजारचे निवृत्त मास्तर धावत आले आणि मला डोक्याकडून उपटू लागले. मान गेली ती तिथे. तिची आई कात्री घेऊन आली. एका बाजूने मास्तर, दुसऱ्या बाजूने कात्री, मधे मी. तेवढ्यात बुटकीचा आवाज आला, “बाबा, हलू नकोस. हळूहळू श्वास घे. मी आहे इथे.” तिने मास्तरांना खुर्चीत बसवलं, कात्री काढून घेतली, चेनीच्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासलं आणि अडकलेलं कापड जरा जरा करून सोडवलं. आणि ताई, ती लहान असताना तिच्या पायातला काटा काढताना मी जसा तिच्याशी बोलत राहायचो, अगदी तशी ती सारखी माझ्याशी बोलत होती. मला रडू आलं. अंगावर तंबू होता म्हणून निभावलं.

तरी सही केली नाही. बुटांनी फोड आले तर, वाट चुकली तर, हे सगळं मी घरात बोलतो. तुला खरं सांगतो, मला डोंगराची भीती नाही. ती सगळं नीट निभावून परत येईल आणि मग मला काही विचारायचं तिला उरणार नाही, याची भीती वाटते. हे घरात बोलू नकोस.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
(सध्या मान खाली घालता येत नसलेला) धाकटा

ता. क. बुटकीने सॅक स्वतः भरली. वीस मिनिटं, नऊ किलो. औषधाची काचेची बाटली मात्र माझ्याकडून बांधून घेतली. ओढली की सुटेल अशी एकच गाठ मारली. जिवावर आलं होतं.

ता. क. दुसरा. तू दहावीत असताना अण्णांनी तुला सहलीला जाऊ दिलं नाही. तुझी बांधलेली वळकटी आठवडाभर दाराशी पडून होती आणि मी तिच्यावर बसून घोडा घोडा खेळायचो. तू एकदाही मला उठवलं नाहीस. मी लहान होतो, मला कळलं नाही. आता कळतं.

ता. क. शेवटचा. पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये फॉर्म आहे. आत्ताच सही केली. तो तसाही गटाच्या तुमच्या गावच्या मुख्य ऑफिसातच द्यायचा आहे, आणि इथे घरात राहिला तर माझा भरवसा नाही. मिळाल्या मिळाल्या स्वतः नेऊन दे. गुरुवारी मी तुला फोन करीन, फॉर्म परत मागेन, कारणही अगदी पटण्यासारखं सांगेन. देऊ नकोस.