अक्काने घेतलेलं नाव

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी साडेतीन वाजता माझ्या मेलेल्या बहिणीने नवऱ्याचं नाव घेतलं.

विद्यापीठाच्या माध्यम विभागाने अक्कावर माहितीपट केलाय. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की आपण थेट चोपड्याला, तिच्या केळीच्या बागेत. समोर अक्का बसलेली. काही विचारलं की उत्तर देते. माझ्या शेजारच्या विद्यार्थिनीने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?"

अक्काने पदर सारखा केला, आवंढा गिळला आणि आडनावासकट सांगितलं. माझ्याकडे बघत.

जन्मात घेतलं नव्हतं तिने! दवाखान्यात विचारलं तरी मला कोपराने ढोसायची, "तूच सांग वं, माले जमाव नही." मग तिच्या आवाजात हे आलं कुठून? आणि तो आवंढा? तो तर हुबेहूब तिचाच.

मुलगी हसली, "आजी भारी मॉडर्न!"

"तुझ्या आईचा आवाज आण, तिलाही करू मॉडर्न," मी म्हटलं.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, नाव कागदपत्रांतलं, आवाज त्यांच्याच मुलाखतीतला. संगणकाने फक्त जुळवलं." जुळवलं! मुलाखत तिने केळीच्या लागवडीवर दिली होती.

संध्याकाळपासून तिचा खरा आवाज आठवून बघतेय. येत नाही. आधी तो आवंढा येतो, मग ते नाव.

उद्या विभागात हे लिहून देणार: अक्काच्या तोंडून ते नाव काढा. न बोललेलं आणखी काय काय तिच्याकडून वदवून घेतलंय, तेही सांगा. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, लेखी.