चिमणीचा मूतखडा

४ मार्च २००१, द्वारका
सेक्रेटरी भसीनची नोटीस: कुत्र्यांना लॉनवर आणू नये, गेटबाहेर न्यावे. सोसायटीत कुत्री एकच, आमची चिमणी. ठरवलं, ती जाईल तर लॉनवरच.

५ मार्च
गार्डने अडवलं. चिमणीला घेऊन तसाच वर आलो. लतिका म्हणाली, भांडण तुमचं आहे, तिचं नाही. बायकोला तत्त्वाचं काही पडलेलं नाही.

९ मार्च
तोड सापडली. सकाळी आठ, रात्री आठ, गार्डची ड्यूटी बदलते. पाच मिनिटं लॉन मोकळं. दोन वेळा बिल्कुल पुरे. मधे लागू नये म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवतो.

२८ मार्च
चिमणीही पेटली. लिफ्टमध्ये, जिन्यात, भसीनच्या दारापुढे थेंब थेंब करून आली. मी शिकवलेलं नाही. शाबास.

२ एप्रिल
लतिका म्हणते, ती लघवीला सारखी बसते, होत काही नाही, कण्हते. ऑफिसात मीही दिवसभर लघवीला उठत नाही.

१५ एप्रिल, सकाळ
भसीनच्या पायपुसण्यावर रक्त. तो वर आला. मी भांडायच्या तयारीत. म्हणाला, भाईसाहब, बच्ची बीमार है, गाड़ी निकालता हूँ. नाही म्हणणार होतो, पण लतिका चिमणीला उचलून खाली गेलीसुद्धा.

१५ एप्रिल, दुपार
एक्स-रे. मूत्राशयात तीन खडे, एक सुपारीएवढा. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, द्वारकेचं पाणीच खराब. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा नेता, पाणी किती पिते. म्हणालो, आमच्याकडे सगळं वेळेवर असतं. मग लतिकाने खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, पाणी कमी, लघवी कोंडलेली, त्यात इन्फेक्शन, त्याचेच खडे झाले. पहिल्या थेंबालाच आणायचं होतं.

१७ एप्रिल
ऑपरेशन. दोन तास. बाकावर शेजारी भसीन. त्याने आणलेला चहा प्यायलो.

२९ एप्रिल
टाके निघाले. हुकूम: भांडं सदा भरलेलं, पाच वेळा बाहेर, लघवीची तपासणी, खाणं बाई सांगतील तेच. लतिकाला स्पष्ट सांगितलं, सगळं पाळीन, पण गेटबाहेर पाऊल टाकणार नाही. तिने पट्टा घेतला. मी चिमणीला हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लतिकामागे लिफ्टमध्ये शिरली.
पाच मिनिटांनी मी जिन्याने उतरलो. गार्डने काही न विचारता गेट उघडलं.