धुरावर की पट्ट्यावर

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी.

आजपासून हेमराजच्या गाडीत तोंड घालायचं नाही. नातू पंचवीस वर्षांचा घोडा झाला. त्याचं तो बघेल.

गाडी लाल आहे, सेकंडहँड. दारासमोर उभी असते, अंगावर प्लास्टिक. का, तर पांडेसऱ्याच्या मिलांची राख पडते. ती राख माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांवरही रोज पडते. त्यांच्यासाठी प्लास्टिक कोणी आणलं नाही.

संध्याकाळी.

तोंड घालावं लागलं. इलाज नव्हता. बापलेकाची जुंपली. भाईदास, माझा मुलगा, म्हणे गाडी विक आणि माझ्याबरोबर दुकानात बस. साड्या घडी करून पॅक करायचं दुकान आहे आमचं, लिंबायतला. हेमराज म्हणे मी नाही घड्या घालणार, मी चेतनच्या गॅरेजात भागीदार होणार, लोकांच्या गाड्या जोरात पळतील अशा करून देणार. भाईदास म्हणे, आधी स्वतःची पळव.

मग ठरलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी हजीऱ्याकडे एका बंद रस्त्यावर परवानगीची शर्यत आहे. हेमराज पहिल्या तिनात आला तर गॅरेज. नाही आला तर सोमवारपासून घड्या. दोघांनी माझ्यासमोर कबूल केलं, म्हणजे निवाडा माझाच. मी तेव्हा शेंगा फोडत होते, पण हजर होते.

जेवताना हेमराजने मला विचारलं, आजी, तूच सांग, टर्बो लावू की सुपरचार्जर? गायत्री, माझी सून, तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. ज्याला कळतं त्यालाच माणूस विचारतो.

१० सप्टेंबर, बुधवार

समजून घेतलं. वरणाची वाटी आणि चमचा घेऊन हेमराजने दाखवलं. इंजिनाचा धूर बाहेर जातो. त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. हा टर्बो. सुपरचार्जरही हवाच कोंबतो, फक्त तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. संपलं. एवढ्यासाठी ही पोरं वर्षभर मोबाईलमध्ये डोळे फोडतात.

निर्णय: टर्बो. वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. शिळ्या भाकरीचा काला करून मी एक पिढी वाढवली, मला हे कोणी शिकवायला नको. पट्टेवाला म्हणजे भाऊबंद. कामाला येतो म्हणे आणि आपल्याच ताटात जेवून जातो.

हेमराजला एकदाच सांगितलं. परत सांगणार नाही. माझा तो स्वभाव नाही.

संध्याकाळपर्यंत तीनदा सांगावं लागलं. त्याच्या कानात सारख्या त्या वायरी असतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

टर्बोबद्दल एक गोष्ट माझ्यापासून लपवली होती. पायाने दाबलं की तो लगेच पळत नाही. आधी धूर जमणार, मग पंखा जोर धरणार, मग गाडी उडी मारणार. तोवर बसा. याला लॅग म्हणतात.

याला आमच्या घरात हेमराजचे आजोबा म्हणायचे. दूध उतू गेल्यावर उठायचे. उठले की धावत उठायचे, त्याबद्दल वाद नाही. पण दूध गेलेलं असायचं. जन्म काढला त्या माणसाबरोबर. आता गाडीतही तेच नको.

निर्णय: सुपरचार्जर.

गायत्री म्हणे, आई, परवा तर टर्बो म्हणत होतात. मी मत बदललं नाही. आधीचं मत पूर्ण झालं, दुसरं सुरू झालं. तिला भेंडी चिरायला सांगितली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सुपडूकडे जाऊन आले. हेमराजचे आजोबा आणि सुपडू एकाच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माग चालवायचे. आता सुपडू घरी बसून सुनेच्या शिव्या खातो. विचारलं, धूर की पट्टा? तो म्हणे, वहिनी, पट्टा तो पट्टा. मोटर फिरनी का माग फिरना. मधमा थांबनं नही.

झालं ना! पुढे तो सांगायला लागला होता की पण पट्टा मोटरचा जोर खातो, आणि गरम, आणि काय काय. मला हवं ते ऐकून झालं होतं. उठले. सुपडूला एकदा सुरू झाला की थांबता येत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हुकूम काढला. पितृपक्ष सुरू आहे, घरात नवी वस्तू येणार नाही. सुपरचार्जर घटस्थापनेनंतर. वाटलं होतं हेमराज थयथयाट करेल. तो एकदम गरीब गाय. म्हणे, हो आजी, घरात काहीही येणार नाही.

धाक लागतो घराला. भाईदासला जमला नाही तो मला जमला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चेतनच्या गॅरेजात गेले होते. लक्ष ठेवायला नाही, हेमराज डबा विसरला म्हणून. तसा डबा त्याने नेला होता. मी दुसरा नेला.

चेतन आपल्या खानदेशातलाच, पण जन्म इथला, गुजरातीतच बोलतो. मला बघून घाईघाईने एका मोठ्या खोक्यावर बसला. उठेना. खुर्ची नाही बिचाऱ्याला. मी म्हटलं, सुपरचार्जरच बसला पाहिजे, समजलं? तो म्हणे, बा, तमे कहो एम ज थशे. म्हणजे मी सांगेन तसंच होईल. पोराला वळण आहे. हेमराजला खोकल्याची उबळ आली. काढा करून ठेवला. प्यायला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

परवानगी दिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गाडी तयार होऊन आली. तीन दिवसांत! सुपरचार्जर इतक्या पटकन बसतो हे मला माहीत नव्हतं. आजकाल सगळं रेडिमेड.

बॉनेट उघडायला लावलं. उगीच कोणी फसवायला नको. आत बघितलं तर बाजूला काळा नवा पट्टा, चार-पाच चाकांवरून फिरतोय. हा पट्टाच ना, विचारलं. हेमराज म्हणे, पट्टाच आहे आजी, दुसरं काय दिसतंय? मग माझ्या मनासारखं केलंस म्हण. तो म्हणे, आजी, तुझ्या मनाबाहेर या घरात काही होतं का?

हे भाईदासने ऐकायला हवं होतं. नेमका तो दुकानात.

पलसाण्याच्या हायवेवर चक्कर मारून आणली मला. दाबलं की गाडी जराशी थांबते आणि मग अशी जाते की कवळी घशात. थांबली का, विचारलं. ट्रॅफिक, म्हणाला. रस्ता रिकामा होता. पण पोरगा सांभाळून चालवतो, चांगलं आहे. पाय काढला की फुस्स आवाज येतो. पट्टा दम टाकत असणार.

गल्लीत मंगलाबाईला सांगितलं, आमच्या गाडीला सुपरचार्जर आहे, मीच निवडला. ती म्हणे, चार्जर तर आमच्याकडे दोन आहेत. शेजार कसा मिळावा हे आपल्या हातात नसतं.

२८ सप्टेंबर, रविवार

भाईदास हेमराजसाठी दुकानात बैठक करून आला. नवी चटई, नवा पंखा. म्हणे शर्यत झाली की सोमवारी पोरगा येईल. मी म्हटलं, पंख्याची हवा तूच खा. माझा पट्टा आहे त्या गाडीत. त्याने नुसतं हेमराजच्या ताटात तूप वाढलं. हरणारा माणूस असाच गोड वागतो.

ठरवलं की जिंकल्यावर भाईदासला टोचून बोलायचं नाही. एकदोनदाच बोलायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आज गाडी सुरू केली की पट्टा चिर्रर्र ओरडला. गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. हेमराज म्हणे नवा आहे, दोन दिवसांत बसेल. बसेल! ज्याच्या आजोबांनी हयात मागाच्या पट्ट्याखाली घालवली, त्या पोराला एवढं कळू नये? पट्टा ओरडतो म्हणजे घसरतो. घसरतो म्हणजे जोर वाया. उद्याची पूजा झाली की यंत्राला विश्रांती, रविवारपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावलं. आमच्या खात्यात पूजलेला माग कोणी चालवत नसे. तो म्हणे ठीक आहे, तसंही सगळं सेट झालंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

गाडीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. हेमराजने पूजेसाठी बॉनेट उघडून दिलं आणि सगळे सोनं वाटायला गेले. मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिले.

ट्रंकेतून राळेची डबी काढली. हेमराजच्या आजोबांची. माग ओरडायला लागला की चिमूटभर राळेची पूड पट्ट्याला चोळायचे. पट्टा चाकाला असा धरायचा जशी सासरला नवी सून. लगेच गप्प. मी फडक्यावर घेऊन, हात जाईल तिथवर, व्यवस्थित चोळली. जिथे हात जात नव्हता तिथे वरून टाकली. थोडी उरली होती. ठेवून काय करायची? तीही घातली.

कोणाला सांगितलं नाही. मला कौतुकाची हाव नाही. जिंकल्यावर सांगेन, सगळ्यांसमोर, सावकाश.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.

गाडी सुरू केली. चिरचिर गायब! हेमराज चकित, म्हणे आवाज गेला की. मी आकाशाकडे बघितलं. गायत्रीने दही-साखर दिली. भाईदास इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हरायला जाताना माणसाने एवढं नटू नये.

संध्याकाळी.

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय आणि मी ठरवलेलं मोडत नाही.

पहिल्या फेरीत हेमराज दुसरा आला. दुसरा! एवढ्या मोठ्या बापांच्या पोरांत. भाईदास उभा राहून ओरडत होता, माझा मुलगा आहे, माझा. मी त्याच वेळी सांगणार होते राळेचं. तोंड उघडलंही. मग वाटलं, पहिला आल्यावर.

शेवटच्या फेरीत गाडीने लाईन सोडली आणि फट्ट. काळ्या चिंध्या रस्त्यावर. बॉनेटमधून वाफ. बाकीच्या गाड्या गेल्या आणि आमची कडेला जाऊन उभी राहिली, म्हातारं माणूस जिन्यात बसतं तशी. चौथासुद्धा नाही. नंबरच नाही.

चेतनने बॉनेट उघडलं. पट्ट्याच्या उरलेल्या तुकड्याला पिवळा चिकट गोळा, त्यात सगळी मिलची राख. हेमराजने तो बोटांवर घेतला आणि वास घेतला. हा वास तो ओळखतो. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसायचा, त्यांच्या हातांना बारा महिने हाच वास. त्याने वर बघितलं, माझ्याकडे. मी पदर सारखा केला, वारा होता.

भाईदास म्हणे, काय झालं रे? हेमराज म्हणाला, पट्टा खराब निघाला पप्पा, डुप्लिकेट माल. मग भाईदासनेही बोट लावलं, वास घेतला. तोही त्याच घरात वाढलाय. तो पण माझ्याकडे बघायला लागला. पण बोलला कोणी नाही. बापलेकाचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, तेही कशावर.

शांतता राखता न आलेला एकच माणूस, चेतन. मला धीर द्यायला म्हणे, बा, टर्बो तो एकदम सलामत छे, फक्त पट्टोज गयो.

मी म्हटलं, कुठला टर्बो?

मग निघालं सगळं. गाडीत सुपरचार्जर नव्हताच. टर्बो होता, पहिल्यापासून. तो पट्टा पाण्याच्या पंपाचा आणि बॅटरीच्या डायनामोचा, तसा तो प्रत्येक गाडीत असतो. आणि हेमराजने मला जेवताना विचारलं, त्याच्या आदल्या दिवशीच टर्बोची ऑर्डर गेली होती. खोकं पितृपक्षातच आलं. चेतन त्याच्यावर बसला होता.

म्हणजे दोष कोणाचा हे उघड आहे. माझी राळ चुकीच्या पट्ट्याला लागली. बरोबर पट्टा त्यांनी बसवलाच नाही, त्याला मी काय करू? सुपरचार्जर असता तर त्याच राळेने गाडी मुंबईपर्यंत गेली असती.

तसं मी मोठ्याने म्हटलं नाही. गाडी ओढून आणली. 

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी हेमराज मोरीत बोटं घासत होता. राळ साबणाने जात नाही, खोबरेल लागतं. सांगणार होते. पण तुला कसं माहीत, असं त्याने विचारलं असतं तर? खोबरेलाची वाटी त्याच्या बाजूला ठेवली आणि मी चहा बघायला गेले. चहा उकळत नव्हता. तो ठेवलाच नव्हता.

परत येऊन बघितलं तर बोटं स्वच्छ. म्हणाला, येतो आजी. रोज म्हणतो तसंच.

भाईदासची जुनी मोपेड. भाईदास पुढे, हेमराज मागे, मांडीवर साड्यांचा गठ्ठा, हनुवटी गठ्ठ्यावर. दोन किका वाया गेल्या, तिसरीला सुरू झाली. दारातून मी ओरडले, सावकाश जा रे.

मंगलाबाईची कोंबडी त्यांच्या पुढे निघून गेली.