तार लावण्याआधी

माय, आज मुर्री गावची एक नऊ वर्षांची मुलगी दवाखान्यात आली आणि तेव्हापासून तूच डोळ्यांपुढे आहेस. तिचे पुढचे दात वाकडे आलेत, तार लावायची होती. पण ती वडिलांच्या शर्टात तोंड खुपसून उभी. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, डॉक्टर पकडीने दात पिळतात. वडील समजावत होते, "कुछ नहीं होता बेटा, बिलकुल दुखत नाही."

मला चिचगडची अंगणवाडी आठवली. तू तिथली सेविका, मी असेन दहा वर्षांची. लस द्यायला नर्सबाई आल्या आहेत, पोरं भोकाड पसरताहेत, आणि मी शहाणपणाने एका पोरीला सांगते, "काहीच दुखत नाही." तू सगळ्यांसमोर मला झापतेस, "खोटं कायले सांगून राहिली वं? दुखते. थोडसं दुखते, मंग राहून जाते. असं सांग!" मग तिला मांडीवर घेतेस, बिनसुईची सिरिंज तिच्या हाती देतेस आणि आपला दंड पुढे करतेस. ती आधी तुला टोचते. नंतर खरी सुई टोचली तेव्हा ती रडली, पण पळाली नाही. मी मात्र दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

आज मी त्या मुलीसमोर जमिनीवरच बसले. म्हटलं, "दुखेल." वडील दचकले. "दोन-तीन दिवस दात ठणकतील, तेव्हा मऊ भात खायचा. पण पकडीने दात पिळणार नाही कोणी. आणि तू हात वर केलास की मी थांबणार." शर्टाआडून एक डोळा बाहेर आला. दातावर चिकटवतात ते एक ब्रॅकेट मी तिच्या नखावर मेणाने बसवून दिलं.

"एवढुसंच?"

मग ब्रॅकेटवर बसवायच्या रंगीत रबरी कड्यांचा डबा उघडला. "दोन रंग चालते का?" तिने विचारलं. जांभळा आणि पोपटी निवडून ती स्वतःच खुर्चीवर चढली. मधे तीनदा हात वर केला. मला वाटतं, दोनदा नुसती परीक्षा बघायला. तिन्ही वेळा मी थांबले. शेवटी आरशात बघून अशी हसली की बाहेर बसलेली पोरंही आत डोकावली. वडील म्हणाले, "आता हिचा मुँह बंद होत नाही!" आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "मॅडम, लेकरांना समजवायचं हे कुठं शिकलात?"

कोऱ्या केसपेपरच्या मागे हे लिहितेय. ठेवून देईन ड्रॉवरमध्ये. मी त्यांना "कॉलेजात" म्हणाले, माय. तू होतीस तेव्हाही मी सगळ्यांना हेच सांगायचे.