शर्ट पांढराच होता

आजोबा, तुमचं म्हणणं बरोबर निघालं. गेल्या शनिवारी मला ते कळलं आणि तेव्हापासून हातातलं काम नीट होत नाही. सांगायला हवं तुमच्या मुलाला. पण त्यानेच तुम्हाला निळा शर्ट घालून पुरलं आहे, त्यामुळे त्याला काय आणि कसं सांगायचं हे ठरेपर्यंत तुम्हालाच लिहितो. मराठीत लिहितो, कारण इंग्रजी लिहिताना मी दर ओळीला डिक्शनरी उघडतो आणि काय म्हणायचं होतं तेच विसरतो. तुम्हाला मराठी येत नव्हतं हे खरं, पण इंग्रजी तरी तुम्हाला कुठे धड येत होतं? मलाही येत नव्हतं. तरी आपण रोज पहाटे बोलत होतोच.

शनिवारी मी इटालियन लोकांच्या एका कॉफीच्या दुकानात उभा होतो. पुढच्या वर्षीचा वर्ल्ड कप इटलीत आहे, म्हणून तिथल्या टीव्हीवर सारखं त्याचंच काहीतरी चालू असतं. त्यात एक जुना फोटो दाखवला. इटलीचा अगदी पहिला संघ. हाताची घडी घातलेले, मिशा पिळलेले तरुण, आणि अंगात पांढरे शर्ट. फोटो काळा-पांढरा होता, म्हणून मी लगेच भरवसा ठेवला नाही. फिका निळाही तसा दिसू शकतो. काउंटरवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, टीव्हीवरचा माणूस सांगतोय की सुरुवातीला इटली पांढऱ्या शर्टात खेळली, निळा नंतर आला, तिथल्या राजघराण्याचा रंग म्हणून. मी पुन्हा विचारलं, नक्की पांढरा? तो वैतागला. "अरे बाबा, पांढरा म्हणजे पांढरा! दूध बघितलंयस ना?" तरीही सोमवारी लायब्ररीत जाऊन फुटबॉलच्या एका जाड पुस्तकात मी ते ताडून पाहिलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ओव्हन बंद केला की नाही हे बघायला मी पार्किंग लॉटमधून परत यायचो आणि तुम्ही हसायचात.

तुमच्या बेकरीत मी आलो तेव्हा मला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत येऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. बारावी दोनदा नापास, म्हणून दादाने इकडे बोलावून घेतलं. तो इंजिनियर. त्याला वाटत होतं मी इथे कॉलेज करीन. मी तुमच्या दाराला लावलेली 'माणूस पाहिजे' पाटी वाचून आत शिरलो आणि पीठ मळायला लागलो. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी काकू विचारायच्या, "काय रे, हल्ली काय करतोस?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणायचा, "फूड इंडस्ट्रीत आहे." गाडीत बसल्यावर वहिनी हसत सुटायची. "उद्या म्हणाल रिसर्च करतो. यीस्टवर." दादाला ते आवडायचं नाही. "तू गप्प गं. आणि तू, निदान ते केसातलं पीठ तरी झटकत जा यार." तुम्हाला मी हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पीठ झटकायचं नाही, पीठ म्हणजे पगार.

तुमची खुर्ची ओव्हनच्या शेजारी. नव्वदीचे होतात, काम बंद केलेलं, पण पहाटे मुलाच्या आधी येऊन बसायचात आणि पीठ फुगलं की नाही हे दोन बोटं लावून सांगायचात. मी कोल्हापूरचा, आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघात बॅक खेळायचो, हे मी पहिल्या आठवड्यात बोलून गेलो. तुम्ही ट्रेमधले गरम पाव उचलून टेबलावर मांडले. तुमच्या वेळी मागे दोनच बॅक. एकाने पुढे जाऊन फॉरवर्डला भिडायचं, दुसऱ्याने मागे थांबून त्याची पाठ राखायची. "मी हा," म्हणून तुम्ही मागचा पाव दाखवलात. "हा कधी गोल करत नाही. ह्याला कुणी बघत नाही. हा चुकला की सगळे बघतात." मग तुम्ही पुढचा पाव खाऊन टाकलात आणि मला विचारलंत, आता काय करशील? त्या दिवसापासून तुम्ही मला तेर्झिनो म्हणायला लागलात. तुमच्या इटालियनमध्ये बॅकला तेच म्हणतात. मी तुम्हाला आजोबा म्हणायचो, तुम्ही त्याचं 'आजोब्बा' करायचात.

तुमची सगळी कारकीर्द मी अशीच पावांवर ऐकली. कारखान्याच्या अंगणात खेळायला लागलात, तिथून शहरातल्या मोठ्या क्लबात गेलात. देशाच्या संघात एकदाच. नेहमीच्या बॅकच्या क्लबाचं वरच्या साहेबांशी भांडण झालं होतं, म्हणून तुम्हाला बोलावलं. "मी चांगला होतो म्हणून नाही. जागा रिकामी होती म्हणून." रेल्वेच्या लाकडी बाकावर बसून परदेशात गेलात, पावसात खेळलात, आणि मोठ्या फरकाने हरलात. शर्ट पांढरा होता, कारण रंग कुठला घ्यायचा यावर साहेबांचं एकमत होत नव्हतं. "पांढऱ्याला भांडावं लागत नाही," तुम्ही म्हणायचात. पुढच्या वेळी संघ निवडला तेव्हा निळे शर्ट आले होते आणि तुम्हाला बोलावणं आलं नाही. मग क्लबासाठी काही वर्षं, मग पहिलं महायुद्ध, त्यात गुडघा गेला, मग बोट, मग न्यू जर्सी आणि पाव. निळा शर्ट तुम्हाला कधी मिळालाच नाही. तो तुम्हाला वगळल्यानंतरचा शर्ट होता. हे मला तेव्हा नीट लक्षात आलं नव्हतं.

खेळाडू म्हणून तुम्ही मला एकदाच रागावलात. दादाच्या ऑफिसातले लोक रविवारी पार्कात खेळायचे, त्यांच्यात मीही जायचो. एकदा तुमचा मुलगा तुम्हाला घडीची खुर्ची घेऊन तिथे बसवून गेला. माझ्याबरोबरचा बॅक, एक जाडजूड अकाउंटंट, बॉलवरून घसरून पडला आणि गोल झाला. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. खेळ संपल्यावर तुम्ही मला बोलावलंत. "गोल झाला. मग त्याच्याकडे का बघत होतास?" मी म्हणालो, चूक त्याचीच होती. तुम्ही काठी आपटलीत. "ते त्याला माहीत नाही? तू सांगायला हवं?"

मग ब्याऐंशीचा तो उन्हाळा आला. इटलीने वर्ल्ड कप जिंकला आणि आपल्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तुमचा मुलगा गिऱ्हाइकांना फुकट पाव वाटत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "माय फादर प्लेड फॉर इटली!" चर्चच्या हॉलमधल्या इटालियन मंडळाने तुमचा सत्कार ठरवला. तुमच्या सुनेने निळा शर्ट आणला, पाठीवर दोन नंबर शिवून घेतला. तुम्ही तो हातात धरलात आणि म्हणालात, "हा कुणाचा?"

"तुमचा, पप्पा. बॅकचा नंबर."

"आम्हाला नंबर नव्हते. आम्हाला तोंडं होती. आणि माझा शर्ट पांढरा होता."

तेव्हा तिथे मंडळाचे अध्यक्ष होते, तेच आपल्या गल्लीतले न्हावी. ते तुम्हाला नोन्नो म्हणायचे, म्हणजे आजोबाच. ते हसले. "इटली आणि पांढरा? नोन्नो, पांढरा इंग्लंडचा. कुठल्या देशाकडून खेळलात ते तरी आठवतंय ना?" सगळे हसले. तुमचा मुलगा हसला नाही. मी त्याच्या शेजारी ट्रे घेऊन उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसला. लहानपणापासून तो शाळेत, सैन्यात, दुकानात हीच एक गोष्ट सांगत आला होता. शर्टच चुकीचा आठवत असेल तर सामना तरी खरा कशावरून, हे त्याच्या मनात आलेलं मला सरळ दिसलं. मागच्या खोलीत त्याने मला गाठलं. "लिसन, ते तुझं ऐकतात. एक दिवस निळा घाला म्हणावं. फक्त फोटोपुरता." मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "तेर्झिनो, जो शर्ट मला दिला नाही तो मी कसा घालू?"

सत्काराला तुम्ही काळा कोट घालून गेलात. निळा शर्ट घडी करून मांडीवर ठेवला होता. माइक तोंडापुढे आल्यावर तुम्ही एवढंच बोललात की शर्ट पांढरा होता, आम्ही हरलो, आणि सगळ्यांचे आभार. लोकांनी लहान मुलासाठी वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आठवडाभर तुम्ही बापलेक एकाच टेबलावर पाव कापत होतात आणि चाकू हवा असला तरी माझ्याकडे मागत होतात.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा मी भेटायला आलो होतो. तुम्ही मला पुन्हा तो सामना सांगितलात. गोलकीपरची टोपी वाऱ्याने उडाली, ते सांगितलंत. शर्ट पांढरा होता आणि अर्ध्या खेळात चिखलाने तपकिरी झाला, तेही सांगितलंत. त्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही गेलात. अंत्यविधीच्या ठिकाणी मी रांगेत उभा राहून तुमच्यापर्यंत पोचलो, तर तुमच्या अंगात तो निळा शर्ट. मुलाने शेवटी स्वतःचंच खरं केलं, असं मला वाटलं. मी त्याच्याशी हात मिळवला आणि लगेच बाहेर पडलो. थोड्याच महिन्यांत मी एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागलो. अजून तिथेच आहे, ब्रेडचं सगळं मीच बघतो.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सकाळी सुट्टी होती, म्हणून बेकरीत गेलो. काय बोलायचं ते गाडीत दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. पप्पा बरोबर होते, ते खरंच खेळले होते, लायब्ररीत पुस्तक आहे, पान मी दाखवतो. तुमचा मुलगा आता तुमच्या खुर्चीत बसतो. केस पांढरे झाले आहेत, पिठाने नव्हे. मला बघून उठला, मिठी मारली, "हे, तेर्झिनो! हॉटेलवाल्यांनी ब्रेड शिकवला की नाही अजून?" मी म्हणालो, तुम्ही शिकवलेला विसरायला वेळ लागतोय. मग मी विषय काढला, की टीव्हीवर जुन्या इटलीचं काही दाखवत होते. पुढे बोलणार तोच तो म्हणाला, "तुला कधी सांगितलं नाही ना मी? पप्पांना शेवटी आठवलं."

मी विचारलं, काय आठवलं?

"शर्ट. हॉस्पिटलमध्ये. तू येऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं. हात धरला आणि म्हणाले, मी विचार केला, तू म्हणतोस तेच बरोबर, निळाच होता. तोच मला घाल." त्याने एप्रनने तोंड पुसलं. "इतकी वर्षं मला कुठेतरी वाटायचं, यू नो, की पप्पांनी सगळं रचून सांगितलं. पण मग त्यांचं डोकं साफ झालं आणि पहिली गोष्ट काय आठवली, तर ही. म्हणजे ते खेळले होते. खरंच खेळले होते."

मी म्हणालो, हो, खेळले होते.

त्याने विचारलं, "तू टीव्हीचं काहीतरी सांगत होतास?"

मी म्हणालो, काही नाही, पुढच्या वर्षी वर्ल्ड कप तिकडे आहे ना, त्याचंच. त्याने दोन ब्रेड कागदात गुंडाळून दिले आणि मी घरी आलो.

मला पांढरा सांगून दुसऱ्या दिवशी त्याला निळा का सांगितलात हे मला कळलं, असं मला वाटतं. मी गप्प बसलो तेही तुमच्यासारखंच काही मनात धरून, असं इथे लिहिलं तर बरं दिसेल. पण तसं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माणूस समोर रडायला लागला की मला शब्दच सुचत नाहीत. मला फक्त तिथून लवकर निघायचं होतं.