दारातून जायचं काम

सोमवार, ४ मार्च

मुलगा उद्यापासून कामावर! उजवा खांदा निखळला तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. शिट्टी नाही, बोलणं नाही. चहा दिला तर "ठेव". कप उचलायला गेलं तरी "ठेव". सून म्हणते, "आई, यांच्यापेक्षा पलंग जास्त बोलतो." खरंच बोलतो, एका पायात सैल झालाय. दारांच्या कारखान्यातला माणूस घरात आणि पलंग करकरतो — असो.

तर सांगत काय होते — कारखान्याचे डॉक्टर घरी आले होते. म्हणाले, "पूर्ण बरं व्हायची वाट बघायची नाही. माणूस घरी बसला की आतून गंजतो. लवकर यायचं, पण हलकं काम करायचं. जमलं तर पुढच्या महिन्यात जुन्या जागेवर." मुलगा दारं उचलून गाडीत भरतो, ती जागा. तिच्यासाठीच जीव टांगलाय त्याचा. भिंतीकडे बघत "बरं" म्हणाला. एवढा मोठा शब्द खूप दिवसांनी ऐकला.

डॉक्टर जाताना माझी चप्पल घालून निघाले होते. माणूस चांगला आहे.

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरांनी लिहून दिलंय — उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. डबासुद्धा नाही. म्हणून डबा घेऊन मी गेले. सून तिच्या नोकरीवर, नात शाळेत, मी रिकामीच.

कारखान्यात नुसती दारं. मागे घर एकही नाही. मुकादम डोकं खाजवत बसला होता. "आजी, न ढकलता, न ओढता दाराचं करायचं तरी काय?" शेवटी मुलाला तपासणीवर बसवलं. तिथे आधीच दोघं हलक्या कामावर आहेत. एकाचा पाय प्लास्टरमध्ये, तो चाकाच्या खुर्चीत. दुसरा रंगारी, कमरेला पट्टा — वाकता येत नाही, बसता येत नाही, नुसता खांब. खुर्चीवाला दार ढकलतो. मुलगा कान देऊन बिजागरी ऐकतो. रंगारी वरची फट बघतो, खालची खुर्चीवाला. तिघं मिळून एक धड माणूस होतो.

पण थोरल्या मालकांचा एक नियम आहे. दार तात्पुरत्या चौकटीत बसवायचं आणि त्यातून एकदा माणूस जायचा. माणूस गेल्याशिवाय दार विकायचं नाही. आता जाणार कोण? खुर्ची उंबरठ्याला अडते. रंगाऱ्याला पाय उचलवत नाही. मुलाला चौकटीतून जायचं नाही, खांदा आपटेल. सकाळपासून मुकादम स्वतः जात होता, पण मध्येच फोन आला की अर्ध्यात थांबायचा. अर्ध्यात थांबलेलं धरत नाहीत म्हणे.

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "आजी, जरा पलीकडे जाता का?"

गेले.

"पुन्हा?"

"आत्ताच गेले की."

"हे दुसरं दार आहे."

संध्याकाळपर्यंत जातच होते.

बुधवार, ६ मार्च

पोटऱ्या भरून आल्या. उद्या लवकर निघायचं.

सोमवार, ११ मार्च

नुसतं कसं जायचं? दाराला कळायला हवं की आपण कशाला आहोत. न्हाणीघराच्या दारातून मी घाईघाईने जाते. दवाखान्याच्या दारातून चेहरा पाडून. मोठं नक्षीचं दार असलं तर पदर सारखा करून, पाहुणी म्हणून. "आहे का कोणी घरात?" पलीकडे भुशाचा ढीग. रंगारी म्हणतो, "मालक बाहेर गेलेत." खुर्चीवाला ओरडतो, "आणि जाताना चहाचं काही बोलले नाहीत!"

मुलगा हसला. तोंड फिरवून हसला, पण खांदा हलला आणि "आई गं" म्हणाला, त्यावरून कळलं.

एका दारातून मी सुनेवर रुसून बाहेर पडले. मग पर्स आत राहिली म्हणून परत आले. मुकादम म्हणाला, "आजी, रुसा, पण परत येऊ नका. दोनदा गेलेलं दार जुनं धरतात." ते दार त्याने घरी नेलं.

गुरुवार, २१ मार्च

नात विचारते, "आजी, तू करतेस काय तिथे?"

"दारातून जाते."

"मग?"

"मग दुसऱ्या दारातून जाते."

"पण पोचतेस कुठे?"

विचार करते आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

डॉक्टरांनी मुलाचा हात वर, मागे, गोल फिरवून बघितला. मग त्याला एक दार उचलायला सांगितलं. त्याने ते उचललं, आणि खाली ठेवायलाच तयार नाही. कडेवर घेतल्यासारखा फिरत होता. सोमवारपासून जुन्या जागेवर! खुर्चीवाला आता चालतो. रंगारी खाली वाकून सगळ्यांना दाखवत सुटलाय.

मुकादम म्हणाला, "आजी, तपासणीला आता धडधाकट माणसं आली. तुम्ही आराम करा."

मुलगा शिट्टी वाजवत घरी आला. मी खूश आहे. का नसेन? फक्त सकाळी उठून जायचं कुठे, ते ठरलेलं नाही. घराला दार एकच आहे आणि त्याच्यापलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे.

सोमवार, ८ एप्रिल

डब्याचं झाकण तिथे राहिलं होतं. आणायला गेले. मुकादम म्हणाला, "आलाच आहात तर एक दार करून जा." नक्षीचं होतं. वर बघत गेले आणि उंबरठ्यात पाय मुरगळला.

सगळे धावले. मुकादमाला घाम फुटला. "कारखान्यात माणूस दुखावला की हलकं काम द्यावंच लागतं!" डॉक्टर पाय बांधत म्हणाले, "पण या कामाला कुठे आहेत?" मुकादम म्हणाला, "मग आधी कामाला ठेवा, आणि मग हलकं द्या." मोठे साहेब आले, डोकं धरून बसले, आणि सही केली.

घरी सून म्हणते, "आई, खरं सांगा, मुद्दाम पडलात ना?"

मुळीच नाही. मुद्दाम पडायचं तर भुशात पडले असते.

मंगळवार, ९ एप्रिल

कामाचा पहिला दिवस. मला चालायचं नाही, उचलायचं नाही. खुर्चीत बसून बिजागऱ्या ऐकायच्या.

डबा मुलाने आणला. उजव्या हातात.