माफ कोणी केलं?

२० सप्टेंबर २०१०
क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्या दयारामचा परत फोन! सहा महिने आईवरून शिव्या घालत होता, आज एकदम ‘नियाजभाई’! म्हणे, नव्वद हजारांचे पन्नास भरा, सेटलमेंट, विषय संपला. दुकानात दहा रुपये कमी करायचे तर मी गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडतो, आणि बँक चाळीस हजार असेच सोडते? काही कळेना.

२२ सप्टेंबर
चाळीस म्हटलं. ‘साहेबांना विचारतो.’ लगेच पंचेचाळीसवर आला! च्यायला, तीस म्हणायला हवं होतं.

२३ सप्टेंबर
अम्मीला सांगितलं. वाटलं, खूश होईल. पुढच्या महिन्यात हजचं विमान. हजला बाईसोबत घरचा पुरुष लागतो, मी नसलो तर तिला जाता येत नाही, आणि डोक्यावर कर्ज ठेवून मी जाऊ नये असं तिचं ठाम मत. अब्बा गेल्यापासून तिला हीच एक आस आहे.

तर म्हणते, ‘उरलेले कोणी माफ केले?’

बँकेनं.

‘बँक म्हणजे कोण? नाव सांग ना! दिलसे केले का?’

आता काय सांगू?

२७ सप्टेंबर
मौलानासाहेब म्हणाले, समोरचा राजीखुशीनं सोडत असेल तर सुटलं. दयारामला विचारलं, अम्मीसाठी तसं लिहून देता का? तर म्हणतो, ‘नियाजभाई, तब्येत बरी आहे ना?’

५ ऑक्टोबर
पंचेचाळीस भरले. बँकेचं पत्रही आलं. त्यात माफी हा शब्दच नाही! अम्मी बॅग भरायला तयार नाही. ओरडलो तिच्यावर. मग फार वाईट वाटलं. माझं कर्ज फिटलं की नाही? खरंच कळत नाही!

१६ ऑक्टोबर
हजला निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची असते. आज खांदा कॉलनीपर्यंत फिरलो. शेवटी दयारामलाही फोन लावला. कहासुना माफ करा, म्हटलं. त्यानं फोनच ठेवला! विचित्र माणूस.

१७ ऑक्टोबर
दयाराम घरी आला! दारात चपला काढल्या, सरळ अम्मीसमोर उभा. ‘मावशी, फोनवर तुमच्यावरून लय घाण बोललोय मी. माफ करा.’ मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. अम्मी म्हणाली,

‘केलं, बेटा. अर्धं नाही, सगळं. आणि तू माझ्या नियाजला?’

‘केलं, मावशी. दिलसे.’

अम्मीनं त्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं. मग मला म्हणाली, ‘माळ्यावरची बॅग काढ.’